जुनी डिझेल सेडान घेताय? टोकन द्यायच्या आधी गाडी अशी तपासा

आधी एक गोष्ट क्लिअर करू. परवडणारी नवीन डिझेल सेडान आता शोरूममध्ये मिळत नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल पूर्ण बंद केलं, त्यात डिझेल डिझायर गेली, टोयोटाची इटिऑस पण त्याच सुमारास गेली, होंडाने अमेझ डिझेल बीएस सिक्समध्ये आणून अजून काही वर्षं चालवली पण २०२३ च्या सुरुवातीला तीही संपली. म्हणजे तीन-पाच लाखात डिझेल डिकीवाली गाडी हवी असेल तर सेकंडहँडच घ्यावी लागणार आणि ती बहुतेक ७ ते १२ वर्षं जुनी असणार.

नवीन माणूस काय करतो, डिझायर घेऊ का अमेझ घेऊ यात महिनाभर घालवतो, शंभर व्हिडिओ बघतो आणि मग प्रत्यक्ष गाडी मात्र संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटांत बघून टोकन देऊन येतो. मी म्हणतो हे उलटं करा. या वयाच्या गाडीत कंपनी कुठली याच्यापेक्षा ती कुणी चालवली, कुठे चालवली आणि ऑइल वेळेवर बदललं का, याला जास्त किंमत आहे. वाईट हाताने वापरलेल्या डिझायरपेक्षा नीट सांभाळलेली टाटा झेस्ट कधीही बरी. तुम्ही गाडीचा इतिहास विकत घेताय असं समजून पुढचं सगळं करा.

पायरी १: तुम्हाला डिझेल लागतं का ते आधी बघा

कागद घ्या आणि महिन्याचं रनिंग खरं खरं लिहा. गावाला वर्षातून दोनदा जातो म्हणून "माझं रनिंग जास्त आहे" असं होत नाही. हिशोब सोपा आहे. डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज १८ धरलं तर किलोमीटरला ५ रुपये पडतात. पेट्रोल १०४ आणि ॲव्हरेज १४ धरलं तर साधारण ७ रुपये ४० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे अडीच रुपयाच्या आतबाहेर फरक. महिन्याला ५०० किमी चालवणाऱ्याचे वर्षाला साधारण साडेचौदा हजार वाचतात, आणि इंजिनात डिझेल फवारणारा एक इंजेक्टर गेला तर ते तिथेच गेले. महिन्याला २००० किमी असेल तर मात्र वर्षाला ५८ हजाराच्या आसपास वाचतात, मग डिझेलला अर्थ आहे. तुमच्या गावचा भाव आणि तुमचं ॲव्हरेज टाकून स्वतः करून बघा, पण कंपनीने छापलेलं ॲव्हरेज टाकू नका, २०१७ च्या डिझायर डिझेलचा आकडा २८.४ होता, तो टेस्टमधला आहे, रस्त्यावर १८ ते २२ धरून चला आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये त्याच्याही खाली.

सीएनजीचा विचार पण करा. पुणे, मुंबई, नाशिक पट्ट्यात राहता आणि पंपावर रांगेत उभं राहायची तयारी आहे तर पैशाच्या हिशोबात सीएनजी डिझेलला हरवतं. डिझेल कुणासाठी? ज्याचं आठवड्याला हायवेचं लांबचं जाणं आहे, ज्याच्या तालुक्यात सीएनजी पंप नाही किंवा असून बेभरवशाचा आहे, ज्याला चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन आंबा घाट नाहीतर कसारा घाट चढायचाय. त्या कामाला डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, खरंच उपयोगाचा आहे आणि डिकी सिलेंडरने अडत नाही.

अजून एक, ज्याचं रोजचं जाणं ४-५ किमी आहे त्याने बीएस सिक्स डिझेल तर अजिबात घेऊ नये. त्यात डीपीएफ असतो, तो सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर, ती काजळी जाळायला गाडी मधून मधून १५-२० मिनिटं तरी हायवेच्या स्पीडला सलग पळावी लागते. तेवढं चालणं नसेल तर तो चोक होतो आणि दिवा लागतो, मग वर्कशॉप. त्याआधीच्या बीएस फोरच्या छोट्या डिझेलमध्ये ही भानगड सहसा नाही.

पायरी २: मॉडेल, पण यात जास्त अडकू नका

डिझायर, टाटा झेस्ट आणि मांझा या सगळ्यांत मुळात फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे, मारुती त्याला डीडीआयएस म्हणते, टाटा क्वाड्राजेट. त्यामुळे हे इंजिन खोलता येणारा मेस्त्री तुम्हाला कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो आणि पार्ट दुकानात पडलेले असतात, हा या गाड्यांचा सगळ्यात मोठा फायदा. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला यात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. २००० आरपीएमच्या खाली जरा मेल्यासारखं वाटतं, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) आला की मग ओढते, तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही, हे टेस्ट ड्राइव्हला लक्षात ठेवा.

इटिऑसचं १३६४ सीसी इंजिन ताकदीने फक्त ६८ पीएस आहे पण फार टिकाऊ आणि ॲव्हरेज चांगलं. अडचण एकच की ती टॅक्सीत भरपूर चालली, म्हणून घेताना मागचं आयुष्य दुप्पट तपासा. अमेझ २०१३ ला आली, १४९८ सीसी, १०० पीएस, मागे पाय ठेवायला भरपूर जागा, पिकअप मस्त, फक्त केबिनमध्ये इंजिनचा आवाज येतो आणि तो नवीन गाडीतही यायचा. ह्युंदाईची एक्सेंट २०१७ च्या आधीची ११०० सीसी तीन सिलेंडर आणि नंतरची १२०० सीसी, शहरात चालवायला हलकी. फोर्ड अस्पायर आणि फोक्सवॅगन अमिओ चालवायला या सगळ्यांपेक्षा भारी आहेत हे मी मान्य करतो, दोन्हीत १५०० सीसी आणि १०० च्या वर किंवा आसपास ताकद. पण फोर्डने २०२१ ला भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे तुमच्या जिल्ह्यात फोर्डचं सर्व्हिस सेंटर चालू आहे का हे आधी बघा, आणि अमिओच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर बजेट कोलमडतं, घ्यायचीच तर मॅन्युअल घ्या.

बेल्टचं लक्षात ठेवा. अस्पायर, अमिओ आणि महिंद्रा व्हेरिटो यांना टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनचं मोठं काम निघतं. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

पायरी ३: घरी बसून करायचं काम

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागा. नंबर द्यायला जो काचकूच करतो त्याची गाडी सोडून द्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशन कधीचं, कितवा मालक, फिटनेस कधीपर्यंत, इन्शुरन्स चालू का, लोन चढलेलं आहे का आणि गाडीचा क्लास काय हे बरंचसं दिसतं. क्लासमध्ये मोटर कॅब असं काही असेल तर ती टॅक्सी पासिंग आहे. टॅक्सीची प्रायव्हेट करून पांढरी प्लेट लावून पण विकतात, ते कायदेशीर आहे, पण अशी गाडी दोन-तीन लाख किमी पळालेली असू शकते आणि किंमत त्या हिशोबानेच द्यायची. डिझायर टूर, एक्सेंट प्राइम ही नावं आरसीवर दिसली तर ती कंपनीने टॅक्सीसाठीच विकलेली मॉडेलं आहेत.

ई-चलन बघा, महाट्रॅफिकवर दिसतात. चलनं किती यापेक्षा ती कुठे पडलीत ते वाचा. मालक म्हणतो गाडी गावातच असते आणि चलनं सगळी एक्सप्रेसवेवर ओव्हरस्पीडची, तर मग गाडी कोण आणि कशी चालवत होतं ते तुम्हाला कळलं.

मग कंपनीची सर्व्हिस हिस्टरी. मालकाला सांगा की अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून प्रिंट काढून द्या. त्यात प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर असतात. २०१९ ला ९२ हजार आणि आज मीटरवर ७८ हजार असं दिसलं तर विषय संपला. डिझेल गाडी लोकांनी पळवायलाच घेतलेली असते, त्यामुळे १० वर्षांच्या डिझेलवर ४५ हजार किमी दिसले की मला आनंद होत नाही, शंका येते. एक लाख दहा हजार किमी, सगळी बिलं हातात, अशी गाडी मी मीटर मागे केलेल्या "कमी चाललेल्या" गाडीच्या आधी घेईन. आणि किलोमीटरला घाबरू नका, चांगली ठेवलेली ही इंजिनं दोन लाखाच्या पुढे आरामात जातात.

इन्शुरन्सची पॉलिसी पण मागा. त्यात नो क्लेम बोनसचा टक्का असतो. तो २० पासून वाढत ५० पर्यंत जातो, ५० असेल तर मालकाने किमान पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर आदल्या वर्षी काहीतरी झालं असण्याची शक्यता जास्त, विचारा काय झालं. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे पुढच्या प्रीमियमचा हिशोब बोनसशिवाय करा.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल सांगायला हवं. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं, त्यानंतर तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या एनओसीवर बाकी राज्यांत स्वस्तात यायला लागल्या. गाडी चांगली असू शकते. पण महाराष्ट्रात आणून नवीन नंबर घ्यायचा म्हणजे इथला टॅक्स भरावा लागतो आणि डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त आहे. डीलर सांगतो "एनओसीवरच फिरवा, कोण विचारतं", तसं करू नका, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. टॅक्स, एजंट, तिकडचं एनओसी सगळं धरून बेरीज करा, बऱ्याच वेळा इथलीच एमएच पासिंग स्वस्त पडते.

पायरी ४: थंड इंजिन. हे चुकवू नका

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. आजारी डिझेल गरम झाल्यावर शहाण्यासारखं वागतं, थंडीत खरं बोलतं.

चालू करायच्या आधी बॉनेट उघडा. कुलंटच्या डब्यात बघा, रंग स्वच्छ असावा, वर तेलाचा तवंग किंवा तपकिरी गाळ असेल तर हेड गॅस्केटची शंका. झाकण थंड असतानाच उघडायचं, गरम इंजिनवर कधीच नाही, अंगावर उडतं आणि भाजतं. ऑइलची काडी काढा. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं म्हणून काळ्या रंगाला घाबरू नका. ते सायीसारखं मळकट पांढरं झालं असेल तर पाणी मिसळतंय. आणि लेव्हल मॅक्सच्या बरीच वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतंय, हे लोकांच्या लक्षात येत नाही पण फार महत्त्वाचं आहे कारण पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग दोन्ही खातं.

आता किल्ली फिरवा पण स्टार्ट करू नका. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत, इंजिनचा पिवळा दिवा, एअरबॅग, एबीएस, ऑइल, बॅटरी, आणि स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा. चालू केल्यावर हे एकेक करून विझले पाहिजेत. इंजिनचा दिवा चालू राहिला तर प्रॉब्लेम आहे हे सगळ्यांना कळतं, पण तो किल्ली फिरवल्यावर लागलाच नाही तर कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

स्टार्ट करताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा करा. गाडी एक-दोन सेकंदांत लागली पाहिजे, लांबच लांब सेल्फ मारावा लागला तर बॅटरी, ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा डिझेलच्या प्रेशरचा विषय. धुराचा रंग बघा. सुरुवातीला किंचित पांढरट वाफ सकाळच्या गारव्यात चालते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि डोळ्यांना झोंबत असेल तर डिझेल नीट जळत नाही, आणि गोडसर वास येत असेल तर कुलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील, यातलं काहीही स्वस्त नाही. काळा धूर जोरात ॲक्सिलरेटर दिला की जुन्या डिझेलमध्ये थोडासा येतोच, भसाभस येत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), फाटलेला टर्बोचा होज इथपासून इंजेक्टरपर्यंत काहीही असू शकतं. कारण होज निघालं तर नशीब.

आवाज ऐका. डिझेल खडखडतंच पण तो खडखडाट एका तालात हवा. मधेच एखादा ठोका वेगळा पडत असेल, गाडी उभ्या उभ्या हलत असेल, आरपीएमची सुई वर-खाली होत असेल तर इंजेक्टर किंवा इंजिन माउंटिंग बघून घ्यावं लागेल. मल्टिजेटमध्ये थंड स्टार्टला पुढून चेनचा खळखळ आवाज येऊन दोन-तीन सेकंदांत गेला नाही तर मेस्त्रीला ऐकवा.

मग बॅक कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला वायू रिंगांच्या बाजूने खाली ऑइलकडे निसटतोय का ते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून त्याच जागी उलटं ठेवा. हलकी वाफ आणि झाकण थोडं थरथरणं ठीक. झाकण उडून पडत असेल, धूर फुसफुसत येत असेल तर लायनर-रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनकाम जवळ आलंय. हे करताना ओढणी, टायची टोकं, सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवा. या एका टेस्टवर गाडी नाकारू नका पण निळा धूर आणि बॅक कंप्रेशन दोन्ही असेल तर पुढे बघायची गरज नाही.

पायरी ५: बॉडी

उजेडात बघा, धुतलेल्या ओल्या गाडीवर डाग दिसत नाहीत. एखाद-दुसरा पत्रा पेंट केलेला असणं आपल्या रस्त्यांवर साहजिक आहे, त्यावरून नाक मुरडू नका. बघायचंय ते सांगाड्याला मार लागलाय का. दारांचे रबर ओढून आतल्या पिलरवरचे गोल वेल्डचे ठिपके बघा, कंपनीचे एकसारखे आणि ठरावीक अंतरावर असतात. बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे अॅप्रन आणि पुढची पट्टी बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, तिथे सुरकुती किंवा नवा सीलंट दिसला तर मागून जोरात बसलेली आहे. बॉनेट आणि दारांच्या नटांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का. काचांच्या कोपऱ्यात वर्षाचा कोड असतो, सगळ्या काचा साधारण एकाच वर्षाच्या हव्यात, पुढची काच दगडाने जाऊ शकते पण दारांच्या दोन काचा वेगळ्या असतील तर विचारा. टायरवर चार आकडी कोड असतो, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा.

पुरात गेलेली गाडी ओळखणं आपल्याकडे फार गरजेचं आहे. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत, २०२१ ला चिपळूण-महाडला किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यातल्या काही धुऊन पुसून बाजारात फिरतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटच्या खालच्या पट्ट्या आणि स्प्रिंगला गंज, गालिच्याखाली बारीक गाळ, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात माती, हेडलाइटच्या आत ओल, केबिनमध्ये भरमसाट सेंट मारलेला. पुराची गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, वायरिंग वर्षभराने एकेक करून दगा देतं.

समुद्राकाठच्या गाड्यांना, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा पासिंगच्या, खालून गंज जास्त. गाडी रॅम्पवर घेऊन दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, ब्रेकच्या पाइपलाइन आणि मागचा बीम बघून घ्या.

आत बसल्यावर मीटर आणि झीज जुळते का ते बघा. ६० हजार किमी म्हणतात आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची बाजू खचलेली, मागचं सीटही बसून बसून दबलेलं, तर ती बहुतेक भाड्याने पळालेली आहे. घरच्या गाडीचं मागचं सीट एवढं झिजत नाही.

पायरी ६: चालवून बघा, आणि घाटात बघा

सोसायटीला एक चक्कर मारणं म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. किमान १५-२० किमी, त्यात खराब रस्ता, हायवे आणि चढ तिन्ही हवेत. पुण्यात असाल तर दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट, नाहीतर जवळचा कुठलाही मोठा चढ. एसी चालू, चार माणसं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढते का, मधेच दम सोडते का. टर्बोची बारीक शिट्टी चालते, सायरनसारखा आवाज नको. टेम्परेचरची सुई अर्ध्याच्या वर जाऊ नये, काही गाड्यांत सुई नसते नुसता दिवा असतो, तिथे घाट चढून आल्यावर फॅन लागतो का आणि कुलंट बाहेर येतं का ते बघा.

क्लच तपासायला रिकाम्या सरळ रस्त्यावर ४०-५० च्या स्पीडला चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि स्पीड मागे राहिला तर क्लच स्लिप होतोय, क्लच प्लेटचे पैसे किमतीतून काढा. पेडल खूप जड लागत असेल तरी तेच. गिअर दुसऱ्यात टाकताना करकर, खड्ड्यात टकटक, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरणं, गाडी एका बाजूला ओढणं, हे सगळं मोबाईलमध्ये नोंदवत जा. लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकॲब्सॉर्बर यांची कामं होऊन जातात आणि फार महाग नाहीत, त्यांच्यावर भाव तोडा, गाडी तोडू नका. इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स आणि सांगाडा या चारांत मात्र तडजोड नाही.

परत आल्यावर दोन मिनिटं आयडल ठेवून मग बंद करा, परत स्टार्ट करा. गरम असताना लागायला त्रास देणारी डिझेल म्हणजे इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप तपासायला हवा. गाडी उभी होती त्या जागी खाली डाग पडलाय का बघा, एसीचं पाणी चालतं.

पायरी ७: स्कॅनर आणि तुमचा मेस्त्री

तुमचा मेस्त्री, डीलरचा नाही. हजार-दोन हजार देऊन त्याला बरोबर न्या किंवा गाडी त्याच्या गॅरेजला लावा. स्कॅनर लावून एरर कोड बघायला सांगा, आणि कोड नुकतेच पुसलेत का तेही, म्हणून स्कॅन टेस्ट ड्राइव्हच्या नंतर करा म्हणजे लपवलेला कोड परत येतो. काही गाड्यांत दुसऱ्या मॉड्यूलमध्येही किलोमीटर साठवलेले असतात, मीटर मागे करणारा ते विसरतो. इंजेक्टरची शंका आली तर डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे रिटर्न टेस्ट होते, प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत धरतात, ते सगळ्या बाटल्यांत साधारण सारखं हवं. टर्बोचा इनलेट होज काढून आत बघायला सांगा, हलकं तेलकट चालतं, ऑइल साचलेलं नको.

विकणारा गाडी गॅरेजला न्यायला नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा. भांडायची गरज नाही, नमस्कार करून निघायचं.

पायरी ८: भाव आणि कागद

सगळं जोडून जे काम निघालं त्याची यादी आणि अंदाजे खर्च मालकासमोर ठेवा. "काहीतरी कमी करा ना" याच्यापेक्षा "क्लच, दोन टायर, लोअर आर्म, एवढे होतात" असं बोललं की माणूस ऐकतो. वयाचं पण धरा, २०१४ ची गाडी घेतली तर तिचं १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन २०२९ ला संपणार, पुढे चालवायची तर फिटनेस, रिन्यूअल फी आणि पर्यावरण कर, त्यामुळे उरलेल्या वर्षांचाच भाव द्या.

टोकन देताना साध्या कागदावर लिहून घ्या की लोन किंवा कागदात अडचण निघाली तर टोकन परत. ओरिजनल आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. मालकाचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का, नसेल तर खऱ्या मालकाशी बोला. लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओ हद्दीत किंवा राज्यात जात असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का ते पण बघा. पैसे मालकाच्या खात्यावर बँकेतून द्या, एजंटच्या नाही.

ट्रान्सफर लांबवू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर समोरच्याचं नुकसान भरलं जाईल पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकेल. डिलिव्हरी घेतली त्या दिवसाची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहून ठेवा, त्या वेळेआधीची चलनं त्याची, नंतरची तुमची.

पायरी ९: घरी आणल्यावर

सगळं बजेट गाडीतच घालू नका, चार लाख असतील तर साडेतीनपर्यंतची गाडी बघा. आणल्या आणल्या ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधीच्या मालकाने कालच बदललं म्हणाला तरी. ऑइल कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, डीपीएफवाल्या गाडीला तर त्यासाठीचंच वेगळं ऑइल लागतं. बेल्टवाली गाडी असेल आणि बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच करून घ्या, मजुरी एकदाच लागते.

डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचतं, ते सर्व्हिसला आठवणीने काढायला सांगा, पावसाळ्यात तर नक्की, आणि गर्दीच्या चालत्या पंपावरच डिझेल भरा. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दर रविवारी सकाळी ऑइल आणि कुलंटची लेव्हल बघून वहीत लिहा. ऑइल मिनपर्यंत उतरलं किंवा कुलंट दोनदा टाकावं लागलं तर हायवेच्या प्रवासाला निघू नका, आधी मेस्त्रीकडे जा.